स्वमग्न मुलाची शाळा : नियमित की विशेष?

स्वमग्नता म्हणजे ऑटिझम ही मेंदूच्या विकासातल्या वेगळेपणातून येणारी आणि आयुष्यभर सोबत राहणारी अवस्था आहे. बोलणे, नजर, हावभाव यांतून इतरांशी संवाद साधायला आणि नाते जुळवायला अडचण येणे हा तिचा एक भाग. त्याच त्या हालचाली किंवा शब्द, ठरलेल्या क्रमाचा आग्रह, आवाज, उजेड, स्पर्श यांना फार तीव्र किंवा फार मंद प्रतिसाद हा दुसरा. शाळेत तर सतत संवाद लागतो, आणि आवाज, गर्दी, अचानक होणारे बदल तिथे रोजचेच. इतर मुलांच्या बाबतीत शाळेची निवड म्हणजे बहुतेक वेळा फी, अंतर आणि माध्यम यांचा हिशोब असतो. स्वमग्न मुलाच्या बाबतीत मात्र त्याचा दिवस कसा जाईल, हेच त्या निवडीवर ठरते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात १२७ जणांमागे एक व्यक्ती स्वमग्न होती. मुलग्यांमध्ये हे निदान मुलींच्या तिपटीहून जास्त होते. मुली इतरांचे पाहून वागण्याची नक्कल करतात, वर्गात गप्प बसतात, आणि त्यांच्या अडचणी ‘लाजाळू आहे’ म्हणून दुर्लक्षित राहतात, असे आता तज्ज्ञ मानतात.

एकाच निदानाखाली किती वेगवेगळी मुले येतात, हे आधी लक्षात घ्यावे लागते. एखादा मुलगा चौथ्या वर्षीच पाट्या आणि वर्तमानपत्रातले मथळे वाचतो, पण ‘तुझं नाव काय?’ असे विचारले की ‘तुझं नाव काय?’ हेच परत म्हणतो. एखादी मुलगी दहा वर्षांची झाली तरी बोलत नाही. पाणी हवे असेल तर आईचा हात धरून माठापाशी नेते. तिसऱ्याचे बोलणे अस्खलित असते, पण मधल्या सुट्टीत खेळात कसे शिरायचे हे त्याला कळत नाही. स्वमग्नतेसोबत बौद्धिक अक्षमताही असलेल्या मुलांचे प्रमाण अमेरिकेतल्या अलीकडच्या पाहण्यांत ४० टक्क्यांच्या आसपास आढळले आहे. म्हणजे निम्म्याहून अधिक मुलांना बौद्धिक अक्षमता नसते, आणि तरीही त्यांना शाळेत मदत लागते. २०१३ मध्ये अमेरिकी मानसोपचार संघटनेने निदानाचे निकष बदलले, तेव्हा पूर्वीची वेगवेगळी नावे एकत्र करून ‘ऑटिझम स्पेक्ट्रम’ हे एकच निदान ठेवले आणि मुलाला आधार किती लागतो त्यावरून तीन पातळ्या केल्या. शाळा निवडताना ही आधाराची भाषा फार उपयोगी पडते. मूल किती ‘सौम्य’ आहे यापेक्षा त्याला कशासाठी आणि दिवसातून किती वेळ मदत लागते, हे विचारले की उत्तर जवळ येऊ लागते.

कायद्याने दिलेली निवड

भारतीय कायद्याने स्वमग्नतेची दखल उशिरा घेतली. अपंग व्यक्तींसाठीच्या १९९५ च्या कायद्यात तिचा उल्लेखच नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली, पण त्या कायद्याचा भर पालकत्व आणि देखभाल यांवर होता. शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, आणि २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग मुलांचा वंचित गटात समावेश झाला. त्यामुळे खासगी विनाअनुदानित शाळांतल्या २५ टक्के राखीव जागांवर ही मुलेही पात्र ठरली. तीव्र किंवा बहुविध दिव्यांगत्व असलेल्या मुलांना घरी राहून शिकण्याचा पर्यायही याच दुरुस्तीने दिला.

खरा बदल केला तो दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने. हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. दिव्यांगत्वाचे २१ प्रकार त्यात आहेत आणि स्वमग्नता त्यांपैकी एक आहे. कलम १६ प्रमाणे सरकारी निधी घेणाऱ्या किंवा मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांनी दिव्यांग मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आहे आणि त्यांच्या गरजेप्रमाणे वाजवी फेरबदल करायचे आहेत. कलम ३१ या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षे वयाच्या प्रत्येक मुलाला परिसरातील शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे, असे हे कलम सांगते. पसंती कुटुंबाची आहे. मुख्याध्यापकांनी ‘हे मूल आमच्याकडे नको, विशेष शाळेत घाला’ असे सांगणे हा सल्ला असू शकतो, निर्णय असू शकत नाही. अनेक शाळांत अजून तो निर्णय म्हणूनच सांगितला जातो, आणि पालक तो निमूट मान्य करतात.

प्रमाणपत्रासाठी सरकारी रुग्णालयात ‘इसा’ नावाच्या भारतीय मापनश्रेणीवर मुलाची तपासणी होते. सिकंदराबादच्या बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेत तयार झालेल्या या श्रेणीत ४० मुद्दे आहेत आणि प्रत्येकाला १ ते ५ गुण. एकूण गुण ७० हून कमी असतील तर स्वमग्नता नाही, १०६ पर्यंत सौम्य, १५३ पर्यंत मध्यम आणि त्यापुढे तीव्र, अशी वर्गवारी आहे. या गुणांवरून दिव्यांगत्वाचे टक्के ठरतात. सवलती आणि योजनांसाठी ते आवश्यक आहेत. पण मूल किती शिकू शकेल याचा अंदाज त्यांवरून बांधू नये. ते मोजण्यासाठी ही श्रेणी बनलेलीच नाही.

महाराष्ट्रात या दोन प्रकारच्या शाळा दोन वेगळ्या खात्यांकडे आहेत. नियमित शाळा शालेय शिक्षण विभागाकडे. विशेष शाळा पूर्वी सामाजिक न्याय विभागाकडे होत्या, २०२२ च्या अखेरीस स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग झाल्यापासून त्याच्याकडे. ही केवळ कारभाराची बाब नाही. खाती वेगळी म्हणून शिक्षकांची प्रशिक्षणे वेगळी, तपासणी वेगळी, नोंदी वेगळ्या. एका प्रकारच्या शाळेतून दुसऱ्या प्रकारात जाणाऱ्या मुलासोबत त्याच्याबद्दलचे ज्ञान जात नाही. ते पालकांनाच फाइलमध्ये घालून न्यावे लागते.

नियमित शाळेत काय मिळते, काय सोसावे लागते

नियमित शाळेची सर्वांत मोठी देणगी म्हणजे बोलणारी, भांडणारी, खेळणारी, नियम मोडणारी इतर मुले. संवाद ज्याला शिकायचा आहे त्याला संवाद करणारी माणसे आजूबाजूला लागतात. शाळा घराजवळ असते, भावंडे त्याच शाळेत असतात, गल्लीतली मुले त्याला नावाने ओळखू लागतात. ही ओळख पुढे दुकानात, बसमध्ये, गणेशोत्सवाच्या मांडवात त्याच्या उपयोगी पडते. अभ्यासक्रमाला वरची मर्यादा नसते. ज्या मुलाची वाचनाची किंवा गणिताची झेप चांगली आहे, त्याच्यापासून दहावीची परीक्षा आधीच काढून घेतली जात नाही. दुसरा फायदा इतर मुलांचा आहे. न बोलणाऱ्या वर्गमित्रासोबत वाढलेल्या मुलांना वेगळेपणाची भीती वाटत नाही.

सोसावे लागते तेही खरे. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक वर्गांना ३० मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिकला ३५ मुलांमागे एक शिक्षक सांगितला आहे. शहरातल्या कित्येक शाळांत वर्ग याहून भरलेले असतात. सकाळचा परिपाठ ध्वनिक्षेपकावर होतो. तासाची घंटा कानाशी वाजते. खिचडीच्या वेळी जिन्यात ढकलाढकली होते. ज्याच्या कानांना पंख्याचा आवाजही खुपतो, त्याची निम्मी शक्ती हे सहन करण्यात जाते आणि उरलेल्या निम्म्यावर तो शिकतो. पालकांना पुष्कळदा वाटते की मूल गणितात अडेल. प्रत्यक्षात ते अडते मधल्या सुट्टीत, कवायतीच्या तासाला, बाई रजेवर असताना दुसरे कोणी वर्गावर आले तेव्हा. ज्या वेळांना वेळापत्रक सैल असते त्याच वेळा सर्वांत कठीण असतात. चिडवणे आणि छळ यांचा अनुभव स्वमग्न मुलांना इतरांपेक्षा जास्त येतो, असे वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत सातत्याने दिसले आहे, आणि जी मुले नीट बोलतात त्यांनाही तो येतो.

यातले बरेचसे कमी करता येते, आणि त्याला फार खर्चही येत नाही. दिवसाचा क्रम चित्रांनी दाखवणारी पट्टी बाकावर चिकटवली, की पुढे काय होणार याची धास्ती कमी होते. बदल होणार असेल तर तो आधी सांगायचा. सूचना सगळ्या वर्गाला दिल्यावर मुलाजवळ जाऊन, नाव घेऊन, थोडक्या शब्दांत पुन्हा द्यायची. परिपाठाला रांगेच्या टोकाला उभे करायचे, फार त्रास झाला तर जाऊन बसण्यासाठी एक शांत कोपरा ठरवून ठेवायचा, कानांवर हेडफोन लावू द्यायचे. परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक या सवलती मंडळांच्या नियमांत आहेत. केंद्रीय मंडळ तीन तासांच्या पेपरला एक तास जादा देते. वर्गात वर्षभर मोकळे ठेवून परीक्षेला अचानक लेखनिक दिला तर मुलाला तो वापरता येत नाही, म्हणून ही सवय खालच्या इयत्तांपासून लागावी लागते.

खरी उणीव माणसांची आहे. सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०२१ च्या निकालात सर्वसाधारण शाळांमध्ये प्राथमिक स्तरावर १० दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक आणि त्यापुढे १५ विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे प्रमाण घालून दिले. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाला राज्यांना पुन्हा सांगावे लागले की ही पदे मंजूर करून जाहीर करा. जिल्हा परिषदेच्या शाळांत समग्र शिक्षा अभियानातले विशेष शिक्षक गट साधन केंद्रातून फिरतीवर येतात. ते येतात तेव्हा वर्गशिक्षकाला मार्ग दाखवतात, पण स्वमग्न मुलाची गरज रोजची असते आणि फिरतीची भेट रोजची नसते.

ही पोकळी शहरात शॅडो टीचरने भरली जाते. मुलाशेजारी बसून त्याला सूचना समजावणारी, शांत करणारी ही व्यक्ती बहुतेक वेळा पालकांच्या खर्चाने येते आणि काही शाळा प्रवेशाची अट म्हणून तिची मागणी करतात. चांगला शॅडो टीचर हळूहळू मागे सरतो; पहिल्या सत्रात शेजारी, दुसऱ्यात मागच्या बाकावर, पुढच्या वर्षी फक्त कठीण तासांना. तसे झाले नाही तर वर्गशिक्षक त्या मुलाशी बोलायचे सोडून देतात, मुले त्याच्याकडे न बोलता शॅडोकडे पाहतात, आणि मूल चाळीस जणांच्या वर्गात एकट्याच माणसासोबत दिवस काढते. अशा बसण्याला समावेशन म्हणता येत नाही. २०१६ च्या कायद्याच्या व्याख्येत समावेशित शिक्षण म्हणजे दिव्यांग आणि इतर विद्यार्थ्यांनी एकत्र शिकणे, आणि त्यासाठी शिकवण्याची पद्धत बदललेली असणे. दुसरा भाग गळला की पहिल्याला अर्थ उरत नाही.

विशेष शाळा

महाराष्ट्रातली विशेष शिक्षणाची परंपरा जुनी आहे. मुंबईत जय वकील शाळा १९४४ पासून, पुण्यात कामायनी १९६४ पासून बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी काम करत आहे. केवळ स्वमग्न मुलांसाठी काम करणाऱ्या संस्था मात्र १९९० नंतरच्या. दिल्लीत १९९१ मध्ये सुरू झालेली ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ ही पालकांनी उभी केलेली संस्था देशातली पहिल्या फळीची. नंतर मुंबई-पुण्यात आणि इतर काही शहरांत पालकांच्या पुढाकाराने अशी केंद्रे निघाली. जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या ठिकाणी आजही ‘विशेष शाळा’ म्हणजे बहुधा बौद्धिक दिव्यांग मुलांची शाळा, आणि स्वमग्न मुलाला तिथेच प्रवेश मिळतो. बुद्धी सर्वसाधारण असलेल्या, पण बोलणे कमी असलेल्या मुलाला अशा शाळेत घातले, तर त्याच्या वाट्याला वर्षानुवर्षे मणी ओवणे आणि रंग भरणे येण्याचा धोका असतो. न बोलणारे मूल समजतही नाही, हा समज फार नुकसान करतो.

चांगल्या विशेष शाळेची ताकद तिच्या शिक्षकसंख्येत आणि पद्धतीत आहे. भारतीय पुनर्वास परिषदेच्या निकषांत स्वमग्न मुलांसाठी पाच मुलांमागे एक शिक्षक सांगितला आहे. त्यामुळे प्रत्येक मुलाचा स्वतंत्र शैक्षणिक आराखडा केवळ कागदावर न राहता खरोखर चालवता येतो. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात एरिक शॉप्लर यांनी उभ्या केलेल्या, १९७२ पासून त्या राज्यभर चालणाऱ्या ‘टीच’ कार्यक्रमाने स्वमग्न मुलांच्या वर्गाची रचना कशी असावी हे जगाला दाखवले. जागा आखलेल्या, वेळापत्रक डोळ्यांना दिसणारे, कामाची सुरुवात आणि शेवट स्पष्ट. ही रचना आज भारतातल्या अनेक केंद्रांत कमी-अधिक प्रमाणात दिसते. ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी आणि स्पीच थेरपी त्याच छताखाली मिळत असेल, तर आई किंवा बाबांचे दुपारचे तीन तास रिक्षात जात नाहीत.

शिकवण्याचा आशयही वेगळा असतो. शी-शू सांगणे, दात घासणे, कपड्यांची बटणे, डबा स्वतः उघडून खाणे, पैसे मोजणे, रस्ता ओलांडणे, अनोळखी माणसाने हात लावला तर ‘नाही’ म्हणणे. हे विषय नियमित शाळा शिकवत नाहीत, कारण तिथे ते येतात असे गृहीत धरलेले असते. न बोलणाऱ्या मुलाला संवादाचे दुसरे साधन देणे हे तर सर्वांत निकडीचे काम. १९८५ मध्ये अमेरिकेत अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी चित्र देऊन वस्तू मागण्याची ‘पेक्स’ ही पद्धत तयार केली. मराठी घरांसाठी मुंबईच्या आयआयटीतल्या आयडीसी विभागात तयार झालेले ‘जेलो’ हे मोफत ॲप आहे. त्यातल्या चित्रावर बोट ठेवले की फोन मराठीत वाक्य बोलतो. चित्रे दिली तर मूल बोलायचा प्रयत्न सोडेल, अशी भीती पालकांना वाटते. संशोधनात ती खरी ठरलेली नाही. उलट काही मुलांचे बोलणे अशा साधनांनंतर वाढलेले दिसते.

मर्यादा उघड आहेत. वर्गातली बाकीची मुलेही संवादात अडखळणारी असली, तर संवाद होतो तो मोठ्यांशीच. अभ्यासाची अपेक्षा नकळत खाली येते. शाळा दूर असते. ग्रामीण भागात ती निवासी असते, आणि सहा-सात वर्षांचे मूल, ज्याचा जगाशी असलेला धागाच आई-वडिलांच्या सवयीतून विणलेला आहे, ते वसतिगृहात ठेवावे लागते. केवळ शाळा उपलब्ध आहे म्हणून लहान वयात निवासी पर्याय घेणे टाळलेले बरे. जवळच्या जिल्हा परिषद शाळेतला समजूतदार गुरुजी अशा वेळी दूरच्या प्रशिक्षित संस्थेहून अधिक मोलाचा ठरतो.

मधल्या वाटा

निवड या दोनच टोकांत करावी लागत नाही. काही नियमित शाळांत संसाधन कक्ष असतो. मूल दिवसातले काही तास तिथे विशेष शिक्षकासोबत शिकते आणि चित्रकला, संगीत, खेळ, परिसर अभ्यास यांसाठी वर्गात बसते. काही मुले सकाळी विशेष शाळेत आणि दुपारी बालवाडीत जातात. काहींची सुरुवात विशेष केंद्रात होते, तिथे बसणे, वाट पाहणे, मागणे, सूचना पाळणे जमले की ती पहिलीत किंवा दुसरीत नियमित शाळेत जातात. अभ्यास झेपतो पण शाळेचा गोंगाट झेपत नाही, अशा मुलांसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा मार्ग फार उपयोगी आहे. तिथे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या समकक्ष टप्पे आहेत. दहावीला पाच विषय लागतात, ते मुलाच्या आवडीप्रमाणे निवडता येतात आणि पाच वर्षांत, नऊ परीक्षांपर्यंत, एकेक विषय सोडवत जाता येते. एकाच मार्चमध्ये सगळे पेपर देण्याचे ओझे त्यामुळे उतरते.

शाळेच्या आधीची वर्षेही मोजायला हवीत. गोव्यात ‘संगत’ या संस्थेने आणि पाकिस्तानात रावळपिंडीच्या संशोधकांनी मिळून केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी घरी जाऊन पालकांना मुलाशी संवाद कसा साधावा हे शिकवले, आणि पालक-मुलातला संवाद सुधारलेला दिसला. थेरपिस्ट दुर्मीळ असलेल्या भागात हा निष्कर्ष दिलासा देणारा आहे. शाळा कोणतीही असो, घरातला संवाद वाढलेले मूल तिथे अधिक तयारीने जाते.

संशोधन काय सांगते

‘नियमित शाळेत घातलेली मुले पुढे चांगली होतात’ असे म्हणणारे अभ्यास आहेत, आणि फारसा फरक नाही असे म्हणणारेही. यातली अडचण समजून घ्यायला हवी. नियमित शाळेत जी मुले टिकतात ती आधीपासून बोलणारी, अभ्यासात बरी असतात. विशेष शाळेत जातात त्यांच्या गरजा मुळातच जास्त असतात. दोन्ही गटांची तुलना केली की शाळेचा परिणाम आणि मुलाची मूळ स्थिती यांची सरमिसळ होते, आणि चिठ्ठ्या टाकून मुलांना शाळा वाटून देता येत नाहीत. एवढे मात्र भरवशाने म्हणता येते, की शाळेच्या प्रकारापेक्षा तिथे मिळणाऱ्या मदतीचा दर्जा, शिक्षकाचे ज्ञान आणि घर-शाळेतला मेळ यांचा परिणाम मोठा असतो. इटलीने १९७७ च्या कायद्याने विशेष वर्ग बंद करून सर्व मुलांना नियमित वर्गात आणले, पण त्याच कायद्याने वर्गात आधार-शिक्षकही दिला. शिक्षकाविना केवळ दार उघडणे तिथेही कोणी सुचवले नव्हते.

निवड कशी करावी

सुरुवात मुलाच्या नोंदींपासून करावी. हवे-नको ते कसे सांगते? शौचालयात एकटे जाते का? दहा जणांच्या गटात दिलेली सूचना त्याला पोहोचते का, की एकाला एक अशीच द्यावी लागते? कोणता आवाज, कोणता वास त्याला असह्य होतो? घाबरले की ते रडते, लपते की धावत सुटते? धावत सुटणाऱ्या मुलासाठी शाळेचे फाटक बंद असते का, हा प्रश्न अभ्यासक्रमाच्या आधी येतो. गटात शिकणे बऱ्यापैकी जमते, काही ना काही मार्गाने मागता येते आणि अभ्यास वयाच्या दोनेक वर्षे मागेपुढे आहे, अशा मुलासाठी परिसरातली नियमित शाळा हीच सुरुवात असावी. संवादाचे कोणतेच साधन हाती नाही, स्वतःला इजा करणे किंवा पळून जाणे रोजचे आहे, अशा मुलासाठी आधी काही वर्षे चांगले विशेष केंद्र अधिक न्याय देते. या दोन टोकांमध्ये जी पुष्कळ मुले आहेत, त्यांच्या बाबतीत निर्णय शाळेवर ठरतो.

म्हणून शाळा पाहायला जावे, आणि प्रवेशाच्या दिवशी नव्हे, साध्या दिवशी जावे. मधल्या सुट्टीत जावे. नियमित शाळेत विचारावे की सध्या किती दिव्यांग मुले शिकत आहेत, ती कुठे बसतात, विशेष शिक्षक आठवड्यात किती दिवस असतो. विशेष शाळेत विचारावे की शिक्षकांची पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, न बोलणाऱ्या मुलांना संवादासाठी काय दिले आहे, गेल्या काही वर्षांत येथून नियमित शाळेत किती मुले गेली. दोन्ही ठिकाणी मुख्याध्यापक मुलाकडे पाहून बोलतात की त्याच्या डोक्यावरून पालकांशी, याकडे लक्ष द्यावे. मोठी इमारत, सेन्सरी रूमचे रंगीत दिवे आणि परदेशी प्रमाणपत्रे यांना भुलू नये. मूल चिडले की येथे काय करतात, या प्रश्नाचे उत्तर ‘शिस्त लावतो’ असे आले तर दुसरी शाळा पाहावी. मारणे, अंधारात बसवणे, बांधून ठेवणे हे कोणत्याही थेरपीच्या नावाखाली मान्य करण्यासारखे नाही.

माध्यमाबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. मूल उशिरा बोलत असेल तर घरात एकच भाषा ठेवा, आणि शाळा इंग्रजी आहे म्हणून इंग्रजीच ठेवा, असा सल्ला शहरी पालकांना सर्रास मिळतो. दोन भाषा ऐकल्याने स्वमग्न मुलाचे बोलणे मागे पडते, याला संशोधनात आधार सापडलेला नाही. आजी-आजोबा मराठीतच बोलतात, अंगाई आणि आरती मराठीतच असते; आईने मोडक्या इंग्रजीत मुलाशी बोलायला सुरुवात केली की घरातला संवादच आटतो. पुण्या-मुंबईपासून अमेरिका-ब्रिटनपर्यंतच्या मराठी घरांना हे लागू आहे. घराची भाषा सोडू नये, आणि शाळा निवडताना त्या भाषेत मुलाला मदत करणारा शिक्षक मिळत असेल तर ते मोठे बळ मानावे.

निवड एकदाच करायची नसते. पहिली ते चौथी एकच वर्गशिक्षक बहुतेक विषय शिकवतो, तो मुलाला ओळखू लागतो. पाचवीत किंवा सहावीत तासागणिक शिक्षक बदलू लागले की चांगली बसलेली घडी विस्कटू शकते. बारा-तेराव्या वर्षी वयात येणे, मैत्रीची बदललेली रीत, आठवी-नववीतल्या अभ्यासाचा वाढता अमूर्तपणा, हे पुढचे टप्पे. प्रत्येक टप्प्याआधी वर्षभर शाळेसोबत बसून पाहणी करावी. शाळेत जायच्या वेळी रोज पोट दुखणे, शिकलेले शब्द गळणे, झोप उडणे, घरी आल्यावर तासभर चालणारा आक्रोश ही मुलाने दिलेली माहिती आहे. दिवसभर वर्गात शांत बसते, असे बाईंनी सांगितले तरीही. काही मुले दिवसभर स्वतःला आवरून धरतात आणि घरी पोहोचल्यावर कोसळतात.

दहावी होणे म्हणजे सारे झाले असे नव्हे, आणि दहावी न होणे म्हणजे सारे संपले असेही नव्हे. अठराव्या वर्षी विशेष शाळा संपते आणि बऱ्याच जिल्ह्यांत त्यापुढे काहीच नसते. म्हणून चौदा-पंधराव्या वर्षापासून कामाचे कौशल्य, प्रवास, पैशाचा व्यवहार यांची तयारी दोन्ही प्रकारच्या शाळांत व्हायला हवी. जी शाळा याबद्दल बोलायला तयार आहे, तिला दोन गुण जास्त द्यावेत.

विशेष शाळेत जाणे ही हार मानू नये आणि नियमित शाळेत टिकणे हे प्रतिष्ठेचे मानू नये. नातेवाइकांना काय सांगायचे या काळजीने मुलाला न झेपणाऱ्या वर्गात ठेवल्याची किंमत मूलच मोजते. त्याच वेळी, शाळेने नको म्हटले म्हणून झेपणाऱ्या वर्गातून त्याला बाहेर काढणेही तितकेच चुकीचे. प्रवेश नाकारला गेला तर कारण लेखी मागावे, अर्जाची पोच घ्यावी, गटशिक्षणाधिकारी किंवा महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे तक्रार करावी. तिथे दाद लागली नाही तर पुण्यातल्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे जाता येते. शाळा बदलल्याने हक्क संपत नाही. विशेष शाळेत काही वर्षे काढलेल्या मुलालाही अठरा वर्षांचे होईपर्यंत परिसरातल्या शाळेत मोफत शिकता येते, आणि नियमित शाळेत न रमलेल्या मुलाला विशेष शाळेत.